कन्यादान करणारे बाप : तेंडुलकरांच्या नाटकांविषयी

(जवळा बाजार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय नाटककार विजय तेंडुलकर हा आहे, हे कळल्यावर आपल्यातील काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, असे माझ्या कानावर आले आहे. मोंढ्यात सोयाबीनची कोणत्या भावाने खरेदी होते हे सर्वांना ठाऊक आहे, पीकविम्याच्या तक्रारींना अंत नाही, आणि अशा वेळी अर्धा दिवस नाटकावर घालवणे ही कोणाला चैन वाटली तर त्यात त्यांचा दोष नाही. मी नाट्यसमीक्षक नव्हे. यात्रेतल्या तमाशाच्या फडापलीकडचे नाटक मला फार उशिरा भेटले, आणि तेंडुलकरांची नाटके तर मी बहुतेक छापील पुस्तकांतूनच वाचली. तेव्हा रंगमंचावर कोणत्या नटाने काय केले याविषयी मी अधिकाराने बोलू शकणार नाही. परंतु या माणसाने एकदा सरळ आपल्या, म्हणजे समाजवादी कार्यकर्त्याच्या घरात पाऊल टाकले आणि तिथे बसून एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेकांनी उत्तर दिलेले नाही. मीही दिलेले नाही. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

प्रथम त्यांच्या आयुष्याविषयी थोडे सांगतो. तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८चा. वडील कारकुनी करीत, जोडीला लहानसा प्रकाशनव्यवसाय होता आणि हौशी नाटकांचे वेड होते. पुस्तके आणि नाटक या दोन्ही गोष्टी अशा रीतीने मुलाला घरातच मिळाल्या. अकराव्या वर्षी त्याने स्वतः नाटक लिहिले, बसवले आणि त्यात कामही केले. १९४२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, स्वातंत्र्याच्या चळवळीपायी त्याने शाळा सोडली. त्या वर्षी अच्युतराव पटवर्धन आणि एस. एम. जोशी भूमिगत झाले, आणि त्यांचे चरित्र आपल्याला पाठ आहे. त्याच लाटेत शाळेबाहेर पडलेल्या पोरांची गणती मात्र कोणी ठेवली नाही. त्यांच्यापैकी काही परत वर्गात जाऊन बसले, काही गिरणीत गेले, काही नुसतेच वाया गेले. तेंडुलकर वर्तमानपत्रांत गेले. 'मराठा', 'लोकसत्ता' यांसारख्या दैनिकांत त्यांनी काम केले, स्तंभ लिहिले, एकांकिका आणि कथा लिहिल्या. पदवी नसलेला हा माणूस पुढे साऱ्या देशाच्या रंगभूमीवर वादाचा विषय झाला, आणि पोट मात्र बराच काळ पत्रकारितेवर भरत राहिला.

पहिले नाटक 'गृहस्थ' चालले नाही. पुन्हा नाटक लिहायचे नाही अशी प्रतिज्ञा त्यांनी केली आणि सुदैवाने ती मोडली. त्यानंतर पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास आलेले 'श्रीमंत' हे नाटक आज फारसे कोणी वाचत नाही. पण मला वाटते, त्यांच्या पुढच्या साऱ्या लेखनाचे बीज तिथे आहे. एका धनिकाची अविवाहित मुलगी गरोदर आहे आणि तिला आपले मूल हवे आहे. बापाला हवी आहे अब्रू. म्हणून तो पैसे मोजून मुलीसाठी नवरा विकत आणू पाहतो. एवढीच कथा. मुलीच्या लग्नात बापाचा कोणता व्यवहार दडलेला असतो, हा प्रश्न तिशीच्या आतल्या लेखकाने तेव्हा विचारला. पुढे जवळजवळ तीस वर्षे निरनिराळ्या घरांत शिरून तो तोच प्रश्न विचारीत राहिला. समीक्षकांनी तेंडुलकरांना हिंसेचे नाटककार म्हटले. ते खोटे नाही. हिंसेच्या अभ्यासासाठी त्यांना नेहरू शिष्यवृत्तीही मिळाली होती आणि त्यासाठी ते देशभर हिंडले. परंतु मला त्यांच्या नाटकांत अधिक ठळक दिसतो तो मुलीचे दान करणारा बाप. आज मी तेवढाच धागा धरून बोलणार आहे. बाकी पुष्कळ काही सुटेल, त्याबद्दल जाणकारांनी क्षमा करावी.

साठीच्या दशकात त्यांनी परकीय नाटकांचीही भाषांतरे केली. अमेरिकन कवी मार्क व्हॅन डोरेन याचे लिंकनवरील नाटक 'लिंकनचे अखेरचे दिवस' या नावाने १९६४ साली मराठीत आले, आणि टेनेसी विल्यम्स या अमेरिकन नाटककाराच्या गाजलेल्या नाटकाचे 'वासनाचक्र' हे रूप १९६६ साली. विल्यम्सच्या त्या नाटकात एक दांडगा कामकरी पुरुष, त्याची सोशीक बायको, आणि जुन्या घरंदाजपणाच्या आठवणींवर जगणारी तिची बहीण असे तिघे दोन खोल्यांत कोंडलेले आहेत. आपल्याकडील बिऱ्हाडांना या कोंडीची ओळख सांगायला नको. भाषांतरकाराला मूळ लेखकाचे वाक्य न् वाक्य हातात घेऊन पाहावे लागते. पुढे 'सखाराम बाइंडर'मध्ये एक दांडगा पुरुष आणि दोन स्त्रिया एका छपराखाली आल्या. त्यावरून कोणी तेंडुलकरांना उसनवारीचा दोष देऊ नये. सखाराम हा या मातीतलाच माणूस आहे. पण घर नावाच्या चार भिंतींत काय घडते ते दार लावून न घेता दाखवण्याचे धैर्य त्यांनी त्या परक्या घरात राहून पारखून घेतले असावे, असा माझा तर्क आहे.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली 'रंगायन'ने राज्य नाट्यस्पर्धेसाठी उभे केले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि बेणारेबाई सुलभा देशपांडे. एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते, वेळ घालवायला म्हणून तालीम सुरू होते, आणि खेळता खेळता त्यांच्यातल्याच एका अविवाहित शिक्षिकेवर खरा खटला भरला जातो. या नाटकात बेणारेबाईचा बाप नाही. त्याची जागा सगळ्या मंडळींनी मिळून घेतली आहे. त्या मंडळीत समाजसुधारणेची भाषा बोलणारे काशीकर आहेत, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

मग १९७२ हे वर्ष आले. त्या वर्षीचा दुष्काळ आपल्या मराठवाड्याला वेगळ्या कारणाने लक्षात आहे. पुण्यामुंबईत मात्र त्याच वर्षी तेंडुलकरांच्या दोन नाटकांनी गदारोळ केला. 'सखाराम बाइंडर'ला परिनिरीक्षण मंडळाने अडवले, कमलाकर सारंगांनी उच्च न्यायालयात लढा दिला आणि नाटक सोडवून आणले. सखारामची भूमिका निळू फुले करीत. आपल्या सेवा दलाच्या कलापथकातून आलेला हा नट. त्याच्याविषयी जास्त सांगायची गरज नाही. दुसरे नाटक 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन'ने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग केला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. तेव्हा करणाऱ्या तरुणांनी बाहेर पडून १९७३ साली 'थिएटर अॅकॅडमी' काढली आणि नाटक पुढे नेले. १९८० साली ते युरोपात जायला निघाले तेव्हाही विरोध झाला. नाना फडणविसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, असे आरोप तेव्हा झाले आणि ते पुष्कळांनी ऐकले आहेत. त्या गोंगाटात एक गोष्ट झाकली गेली. घाशीराम हा कोतवाली मिळवण्यासाठी आपली मुलगी, ललितागौरी, नानाच्या हवाली करतो. पुण्यावर सूड उगवायचा आहे, त्यासाठी सत्ता हवी, आणि सत्तेची किंमत म्हणून पोटची पोर द्यायची. ती मरते तेव्हा घाशीरामला आपण काय केले ते कळते, पण तोवर तो पुण्याचा कोतवाल झालेला असतो आणि त्याच्या हातून थांबणे होत नाही. नानाला तर काहीच कळण्याची गरज नसते. घाशीराम नावाचे माणूस त्याने वापरले, मग जमावाच्या स्वाधीन केले. सत्ता आपल्याला कशी वापरते याचा पाठ कोणा कार्यकर्त्याला हवा असेल तर मी त्याला हे नाटक वाचायला सांगेन.

'श्रीमंत'मधला बाप अब्रूसाठी मुलीचा व्यवहार करतो, आणि घाशीराम तो सत्तेसाठी करतो. दोघांविषयी आपल्याला सहज संताप येतो, कारण ते आपल्यासारखे नाहीत. श्रीमंती आपल्याकडे नाही. कोतवालीही आपल्याला कोणी दिली नाही.

चित्रपटांविषयी एवढेच सांगतो, की 'सामना' आणि 'निशांत' हे दोन्ही १९७५ सालचे चित्रपट आणि १९७९ सालचा 'सिंहासन' यांच्या पटकथा तेंडुलकरांच्या आहेत. 'सामना'तला साखरसम्राट पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. 'निशांत'मधली जमीनदारी १९४५च्या सुमाराची, तेलंगणातली. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण त्याच निजामी राज्यात होतो, त्यामुळे ती गढी आणि ते गप्प बसणारे गाव आपल्या आजोबांनी पाहिलेले आहे. 'मंथन'च्या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८१ साली 'कमला' आले. त्या वर्षी एका इंग्रजी दैनिकाच्या वार्ताहराने बाईची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी स्वतः एक बाई विकत घेतली होती. नाटकाला आधार त्या घटनेचा. नाटकातला पत्रकार अन्यायाला वाचा फोडतो आणि त्याच वेळी ती बाई त्याच्यासाठी एक पुरावा असते. परिषद झाली की तिचे पुढे काय, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. तेंडुलकर स्वतः पत्रकार होते. स्वतःच्या धंद्याला त्यांनी सूट दिली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण दोनच वर्षांनी ते आपल्याकडे वळले.

'कन्यादान' १९८३ साली रंगभूमीवर आले, दिग्दर्शन सदाशिव अमरापूरकरांचे. नाथ देवळालीकर हे समाजवादी आमदार आहेत. बायको सेवा स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करते. मुलाचे नाव जयप्रकाश, मुलीचे ज्योती. ही नावे वाचताच आपल्याला ओळख पटते. अशी नावे आपणच आपल्या मुलांना ठेवली. घरात लोकशाही आहे, चर्चा होते, बाप एस.टी. पकडायच्या घाईत असतानाही मुलांशी बरोबरीने बोलतो. ज्योती सांगते की तिला अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचे आहे. नाथांना आनंद होतो. आजवर भाषणांत सांगितले ते आपल्या घरात घडणार, आपले घर खऱ्या अर्थाने जातीच्या बाहेर पडणार, असा तो आनंद आहे. सेवा आणि जयप्रकाश यांना अरुण पाहिल्यावर धास्ती वाटते, कारण त्याच्या बोलण्यात आणि हातात जी धार आहे ती त्यांना दिसते. नाथांनाही ती दिसते. परंतु ते तिचा अर्थ लावतात. शतकानुशतकांच्या अपमानातून आलेली ती कटुता आहे, ज्योतीच्या प्रेमाने ती जाईल, असा तो अर्थ.

लग्न होते. मारहाण सुरू होते. ज्योती माघारी येते तेव्हा हा प्रयोग फसता कामा नये असे नाथांना वाटते. ती परत जाते. पुढे ती गरोदर असतानाही मार खाते, आणि त्याच सुमारास अरुणचे आत्मचरित्र गाजू लागते. त्याच्या पुस्तकावरील सभेत नाथांनी बोलावे अशी मागणी होते. ते चिडतात, नाही म्हणतात, आणि अखेर मुलीला त्रास होऊ नये म्हणून जातात. सभेत ते पुस्तकाची स्तुती करतात. त्यांच्या स्वतःच्या कानालाही ती खोटी वाटते. ज्योती घरी येते आणि बापाला त्याचा हिशेब विचारते. माणूस चांगला असतो, बदलतो, असे तुम्ही मला शिकवले. ते शिकवून तुम्ही मला पांगळे केले, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. ती बापाचे घर सोडून नवऱ्याकडे निघून जाते, आणि नाथ एकटे उरतात.

या नाटकावर तेव्हा दोन्ही बाजूंनी राग आला. दलित लेखक आणि कार्यकर्ते म्हणाले, की सुशिक्षित दलित तरुण दाखवायचा तर तो दारुडा आणि बायकोला मारणाराच का? आपल्या मंडळींनी म्हटले, की समाजवादी माणसाची ही टवाळी आहे. १९९३ सालचा सरस्वती सन्मान तेंडुलकरांना याच नाटकासाठी मिळाला, आणि तो स्वीकारताना, ज्या नाटकासाठी आपल्यावर एकदा चप्पल फेकली गेली त्याचाच हा गौरव आहे याची त्यांनी आठवण दिली.

दलितांचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो किरकोळ आहे असे मी म्हणणार नाही. अरुण कोठून आला ते तो सांगतो; पण त्याची आई, त्याची वस्ती, त्याचे मित्र यांपैकी काही आपल्याला दिसत नाही. सारे नाटक देवळालीकरांच्या बैठकीत घडते, आणि त्या बैठकीत तो बाहेरून आलेला आहे. लेखक ज्या खुर्चीत बसून पाहतो आहे ती खुर्ची नाथांच्या घरातली आहे. 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले होते, 'उपरा' १९८० साली. ती पुस्तके वाचलेल्या माणसाला अरुणचे चित्र अपुरे वाटल्याशिवाय राहत नाही. आणि आपण मराठवाड्यातली माणसे आहोत. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला आणि त्यानंतर गावोगाव काय झाले ते आपल्याला कोणी नाटकातून सांगायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळले गेले. पुरोगामी म्हणवणारी माणसेसुद्धा तेव्हा दोन्ही बाजूंना विभागली गेली. आपल्यातल्या काहींनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, आणि त्यांचा अभिमान बाळगावाच. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली. अशा प्रदेशात उभे राहून, हिंसा दलित तरुणाच्या हातातून येते असे दाखवणारे नाटक वाचताना घास अडकतो. इथे ती कोणाच्या हातातून आली हे आपण पाहिले आहे.

पण आपल्या मंडळींचा जो आक्षेप होता तो मला मान्य नाही. नाथांची टवाळी या नाटकात कोठेही नाही. उलट तेंडुलकरांना नाथ आवडतात असे माझे मत आहे. ते खोटे बोलणारे पुढारी नाहीत, त्यांनी पैसे खाल्लेले नाहीत, आणि मुलीच्या लग्नात जात पाहिली नाही. त्यांचे चुकले कोठे? मुलगी दलिताला दिली हे चुकले, असे म्हणणारे लोक तेव्हा टाळ्या वाजवून घरी गेले असतील. त्यांच्याशी आपले कर्तव्य नाही. मला वाटते, त्यांचे चुकले ते 'दिली' या क्रियापदात. नाटकाचे नाव तेंडुलकरांनी उगाच 'कन्यादान' ठेवलेले नाही. आपण हुंडा घेत नाही, सप्तपदी करीत नाही, नोंदणी करून हार घालतो, आणि तरीही मुलगी दान देण्याची वस्तू राहू शकते. श्रीमंत बापाने ती अब्रूच्या पायी दिली, घाशीरामने कोतवालीच्या पायी, आणि आमदार नाथ देवळालीकरांनी ती तत्त्वाच्या पायी दिली. तत्त्व थोर होते, म्हणून देणाऱ्याला आपण देतो आहोत हे दिसले नाही. आणि अरुण? त्यालाही नाथांनी माणूस म्हणून पाहिले नाही. तो त्यांना इतिहासाचे उदाहरण म्हणून दिसला. त्याने हात पिरगाळला तेव्हा ते म्हणाले असते, 'असे करू नकोस, माझ्या घरात हे चालणार नाही,' तर ते त्याच्याशी बरोबरीने वागले असते. आपल्या मुलाला ते असेच बोलले असते. अरुणला त्यांनी समजून घेतले. समजून घेण्यातही एक वरचढपणा असतो, हे मला या नाटकाने दाखवले.

आता थोडे माझ्याविषयी, कारण इतका वेळ दुसऱ्याच्या घरावर बोललो.

१९८५च्या सुमारास, आपला भाग परभणी जिल्ह्यात होता तेव्हा, आम्ही कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन एक आंतरजातीय विवाह लावला. मुलगा दलित, नुकताच शिक्षकाच्या नोकरीला लागलेला. मुलगी सवर्ण घरातली. मुलगा शांत, निर्व्यसनी, कमी बोलणारा. मुलीच्या घरच्यांनी तिचे नाव टाकले होते. आम्ही शाळेच्या पटांगणात मांडव घातला, ध्वनिक्षेपक लावला, महात्मा फुल्यांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले. मी अर्धा तास बोललो. आपल्याच मुलखातल्या औंढ्याची गोष्ट मी सांगितली, नामदेवांना कीर्तनासाठी मागे पाठवले तेव्हा नागनाथाचे देऊळ फिरले ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वृत्तपत्राला बातमी पाठवली, तीही मीच लिहिली.

त्यानंतर दोन महिने त्या दोघांना गावात खोली मिळाली नाही. जात विचारून लोक नाही म्हणत, किंवा न विचारता म्हणत. ती दोघे शाळेच्या एका खोलीत झोपत आणि सकाळी मुले यायच्या आत सामान आवरीत. तो माझ्याकडे एकदा आला. माझ्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी त्याला चहा दिला आणि सांगितले, की मला काही अडचण नाही, पण आईला चालणार नाही, तिचे वय झाले आहे. तो म्हणाला, बरोबर आहे सर. आणि गेला. पुढे त्यांनी बदली करून घेतली.

आईला मी विचारलेच नव्हते. काही महिन्यांनी तिनेच एकदा विषय काढला, की तुम्ही ज्यांचे लग्न लावलेत ती पोरे कुठे राहतात. मी म्हणालो, दुसऱ्या गावी गेली. ती म्हणाली, मागच्या खोल्या तर रिकाम्याच होत्या. त्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा काही बोललो नसेन.

'कन्यादान' मी त्याच सुमारास वाचले होते, आणि नाथ देवळालीकरांवर सभेत टीकाही केली होती. तेंडुलकरांनी लिहिले तसे आमच्या गावात घडले नाही. त्या मुलाने हात उगारला नाही. त्यांचे लग्न टिकले, मुले झाली, असे मला पुढे कळले. मारले ते आम्ही, आणि मारताना चहा दिला. तेंडुलकरांच्या नाटकात जे दिसत नाही म्हणून दलितांनी आक्षेप घेतला, ते मी माझ्या ओसरीवर पाहिले आहे. आणि तेंडुलकरांच्या नाटकात जे दिसते, तत्त्वासाठी दुसऱ्याची पोरे पुढे करणारा भला माणूस, तोही मी तिथेच पाहिला. नाथांनी निदान स्वतःची मुलगी दिली होती.

म्हणून मला असे वाटते, की हे नाटक आपण एकटे वाचू नये. त्याच्या शेजारी नांदेडच्या दत्ता भगतांचे 'वाटा-पळवाटा' ठेवावे. ते १९८७चे आहे. त्यात एक दलित प्राध्यापक आहे आणि त्याची ब्राह्मण पत्नी आहे. म्हणजे लग्न तेच, पण बैठक दुसऱ्या घरातली. बाबासाहेबांच्या काळात घडलेले काका, शिकून नोकरीला लागलेला सतीश आणि चिडलेल्या पिढीतला अर्जुन यांचे आपसांतले भांडण त्यात आहे, आणि ते भांडण सवर्णांना दाखवण्यासाठी चाललेले नाही. अरुण आठवलेच्या मागे जे घर आपल्याला दिसत नव्हते ते इथे दिसू लागते. तेंडुलकरांना उत्तर म्हणून ते लिहिले गेले असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या भागातल्या लेखकाने आपल्या भागातल्या माणसांविषयी लिहिलेले ते नाटक 'कन्यादान'च्या बरोबरीने वाचले तर दोन्ही नाटके अधिक नीट कळतात, असा माझा अनुभव आहे.

तेंडुलकर १९ मे २००८ रोजी पुण्यात गेले. त्याआधी मुलगा, पत्नी आणि मुलगी प्रिया यांचे मृत्यू त्यांनी एक-दोन वर्षांच्या अंतरात पाहिले होते. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नाटकांचा महोत्सव झाला, 'सखाराम' तिथे इंग्रजीत खेळला गेला. ज्या देशातल्या नाटककाराचे नाटक त्यांनी अडतीस वर्षांपूर्वी मराठीत आणले होते, तिथे त्यांचे नाटक गेले. पद्मभूषण १९८४ साली मिळाले होते. आपल्या चळवळीने त्यांचा कधी सत्कार केला असल्यास मला ठाऊक नाही. केला असता तर त्यांनी तिथेही काहीतरी अडचणीचे विचारले असते.

पुढच्या बैठकीसाठी 'वाटा-पळवाटा'चे वाचन ठरवावे अशी माझी सूचना आहे. महाविद्यालयातले तीन-चार विद्यार्थी वाचायला तयार आहेत, त्यांत दोन मुली आहेत. पुस्तकाच्या प्रती नांदेडहून आणाव्या लागतील. वाचन कोठे करायचे हे ठरलेले नाही. शाळा सुट्टीत बंद असेल. माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांमधली भिंत मी मागेच काढली आहे, पन्नास माणसे बसतील. ज्यांना वस्तीतून यायला उशीर होतो त्यांनी सरळ जेवायलाच यावे, म्हणजे वाचन वेळेवर सुरू करता येईल.